मेलेल्या माणसाची कसोटी

मेलेल्या माणसाला जे जमतं, ते वर्तन नव्हे. वर्तन विश्लेषण, म्हणजे डोळ्यांना दिसणारं वागणं मोजायचं आणि ते बदलायचं शास्त्र; त्याच्या मास्टर्सला पहिल्याच सत्रात हे वाक्य कानावर पडतं. ऑग्डेन लिंड्सली हा वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचा विद्यार्थी, १९६०च्या दशकात त्याने ही कसोटी घालून दिली. ऑटिस्टिक मुलासाठी उद्दिष्ट लिहिताना ‘ओरडणार नाही’, ‘खुर्चीवरून उठणार नाही’, ‘हात हलवणार नाही’ असं काही हातून उतरलं की थांबायचं आणि विचारायचं, हे मेलेल्या माणसाला जमेल का? जमत असेल तर खोडायचं आणि मूल काय करेल ते लिहायचं. वर्गात हशा पिकला होता. पुढे क्लिनिकात जुन्या फायली चाळायला लागले तेव्हा लक्षात आलं की ही कसोटी सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि वापरतात फार थोडे. ‘पाच मिनिटं टेबलाशी शांत बसेल.’ ‘हात मांडीवर ठेवील.’ मढ्याइतकं हे कुणाला साधणार?

मी मूळची पुण्याची. मानसशास्त्रात एम.ए. केलं, लग्न होऊन बोस्टनच्या परिसरात आले, नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर काही काळ घरात बसले आणि काम करायची परवानगी हाती आल्यावर जी पहिली नोकरी मिळाली ती धरली. ऑटिस्टिक मुलांबरोबर रोज प्रत्यक्ष बसणाऱ्या तंत्रज्ञाची ही नोकरी. इथे त्याला आरबीटी म्हणतात. बारावीपर्यंतचं शिक्षण, वय १८ पूर्ण, ४० तासांचं प्रशिक्षण, एक प्रात्यक्षिक आणि एक लेखी परीक्षा, की झालात तयार. ज्या लेकराला ओळखायला त्याच्या आईची वर्षं गेली, त्याच्यापुढे ४० तासांच्या शिदोरीवर विशीतला एखादा पोरगा बसतो, हे मला तेव्हापासून खटकतंय. मास्टर्स करायचं मनाने घेतलं ते त्यातूनच.

नातेवाइकांना ‘वर्तन विश्लेषण’ म्हटलं की मनकवडेपणाच वाटतो. माझे मामेसासरे प्रत्येक फोनला विचारतात, ‘‘मग सूनबाई, सांगा बघू, आमच्या मनात काय चाललंय?’’ गंमत अशी की कामाच्या वेळी तरी आम्हाला मनात शिरायची मुभाच नसते. नोंदीत ‘चिडला’ लिहिलंत की लाल शेरा. काय दिसलं ते लिहा. मूठ आवळली? टेबलावर आपटली? किती वेळा? त्याच्या आधी काय झालं आणि नंतर लगेच कोण काय म्हणालं? दोघींनी एकच व्हिडिओ पाहून वेगवेगळ्या नोंदी करायच्या आणि त्या ८० टक्क्यांहून कमी जुळल्या तर दोष डोळ्यांचा मानायचा नाही. व्याख्या कच्ची आहे, ती पुन्हा लिहायची. एम.ए.ला असताना मी पानंच्या पानं ‘व्यक्तिमत्त्व’ या विषयावर लिहिली होती. इथे एका पोराने कागद फाडला म्हणजे नेमकं काय केलं हे तीन ओळींत लिहिताना घाम फुटला.

या अभ्यासक्रमाबद्दल मी कितीही कुरकुर केली तरी हे पाहायला शिकवणं मला फार मोलाचं वाटतं. एखादी गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा का करतो, याची या शास्त्रात ढोबळमानाने चार कारणं धरतात. कुणाचं तरी लक्ष हवं असतं, एखादी वस्तू हवी असते, काहीतरी टाळायचं असतं, नाहीतर ती गोष्ट करणंच शरीराला बरं वाटतं. ब्रायन इवाटा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली बाल्टिमोरमध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांना वेगवेगळ्या परिस्थितींत पाहिलं. कधी काम सांगून, कधी एकटं सोडून, कधी डोकं आपटलं की लगेच काळजीने बोलून, कधी नुसतं खेळू देऊन. वरकरणी एकसारखी दिसणारी इजा एकाच्या बाबतीत ‘हे काम नको’ निघाली, तर दुसऱ्याच्या बाबतीत कुणाकडे काही मागणंच नव्हतं. पुढे १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी चार मुलांना आदळआपटीच्या जागी बोलणं शिकवलं. लक्ष हवं असेल तर ‘माझं बरोबर चाललंय का?’ आणि काम झेपत नसेल तर ‘मला कळत नाहीये.’ आदळआपट कमी झाली. मात्र जी मुलगी काम झेपत नाही म्हणून आपटते, तिला लक्ष मागायचं वाक्य शिकवून भागत नाही. कारण आणि वाक्य जुळावं लागतं.

हे सगळं माझ्या अंगवळणी पडलं ते एका मराठी घरात. मुलगा सहा वर्षांचा, तोंडाने बोलत नाही, टॅब्लेटवरची चित्रं दाबून मागतो. आमच्या टीमच्या नोंदींमध्ये संध्याकाळच्या ओरडण्यापुढे ‘आधी काही घडलं नाही, अचानक’ असं आठवडेच्या आठवडे लिहिलेलं होतं. त्याची आजी साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. मी पालकांना शिकवायला म्हणून गेले होते. आजी ओट्याशी पोळ्या लाटत होत्या.

‘‘अगं बाई, अचानक कुठलं? तुझ्या त्या कागदात लिहितेस तरी काय? आधी तो खिडकीशी जातो. मग पडदा धरतो, असा, चुणी करून. मग हात मानेवर. तेवढ्यात कुणी मिक्सर बंद केला तर गुमान येऊन बसतो. नाही केला, की मग आहेच रामायण.’’

‘‘आजी, रोज होतं हे?’’

‘‘रोज कशाला होईल? मिक्सर लागतो तेव्हा होतं. आणि हिचं ते झाडायचं यंत्र फिरतं तेव्हा.’’

आजींनी पिठाच्या हाताने पदराची चुणी करून दाखवली. तर्जनी आणि अंगठा, मध्ये कापड, दोनदा मुरगळून. दुसऱ्या दिवशी मी पडद्याकडे पाहिलं तर तेवढ्याच जागी, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, कापड झिजून पातळ झालेलं होतं. आमच्यापैकी कुणाच्या नोंदीत तो पडदा नव्हता, कारण आम्ही ओरडणं सुरू झाल्यावर घड्याळाचं बटण दाबत होतो.

मग आम्ही एवढंच केलं, की पडदा हातात आला रे आला की घरातल्या कुणीही टॅब्लेट पुढे करायचा, त्याने ‘बंद’चं चित्र दाबायचं आणि यंत्र त्याच क्षणी बंद. एक-दोन दिवसांत त्याला त्या चित्राचं सामर्थ्य कळलं. मिक्सर बंद. टीव्ही बंद. बाबांची ऑफिसची मीटिंग बंद. पुस्तकात लिहिलेलं असतं की सुरुवातीला प्रत्येक मागणी मान्य करायची, नाहीतर मागण्यात काही अर्थ नाही असं मूल शिकतं. हे लिहिणाऱ्याच्या घरी चटणी वाटायची राहिली नसावी. एका संध्याकाळी आजींची रामरक्षा चालू असताना त्याने ‘बंद’ दाबलं. घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजी मध्येच थांबल्या, म्हणाल्या, ‘‘राहू दे, देवाला कळतं,’’ आणि उरलेली मनातल्या मनात म्हटली. वाट पाहणं, थोडं थांबणं, ‘दोन मिनिटांनी बंद’ हे सगळं नंतर हळूहळू शिकवता आलं.

त्याच घरात माझं शास्त्र अपुरं पडलं. इथल्या मराठी मंडळाचा गणपती जवळ आला होता. वडिलांनी विचारलं, मंडळात हॉलमध्ये गेल्यावर तो दोन्ही हात फडफडवतो, त्यावर एक प्रोग्रॅम लिहाल का? मी कसोटी पुढे केली. ‘हात हलवणार नाही’ हे मेलेल्या माणसालाही जमतं, हे उद्दिष्ट होऊ शकत नाही. वडील इंजिनिअर, क्षणभर विचार करून म्हणाले, ‘‘मग ‘हात खिशात घालेल’ असं लिहा. ते तर वर्तन आहे ना?’’

आहे. चोख आहे. मोजता येतं, दोघांच्या नोंदी जुळतील, आलेख काढता येईल. मढं खिशात हात घालू शकत नाही. कसोटीत शंभर टक्के पास. आणि तरीही पोराच्या आयुष्यात त्याने काडीचा फरक पडणार नव्हता; पडलाच तर वाईट. गोंगाटात हात फडफडवून तो स्वतःला सांभाळत होता, तेवढा आधारही आम्ही काढून घेणार होतो. लिंड्सलीची कसोटी उद्दिष्ट नीट लिहिलंय की नाही हे सांगते. ते कुणाच्या सोयीचं आहे, हे तिच्या कक्षेबाहेरचं.

वडिलांना मी नावं ठेवणार नाही. ‘‘ताई, मला त्याच्या हातांचा काही त्रास नाही हो. लोक बघतात, त्याचा होतो,’’ असं ते सरळ म्हणाले. परदेशात वर्षातून एकदा आपली माणसं भेटतात, तिथेच पोराकडे वळून बघितलं जावं, हे बापाला लागणारच. शेवटी कागदावर आलं ते असं: ढोल सुरू झाले की तो हेडफोन मागेल किंवा ‘बाहेर’चं चित्र दाबेल. हातांचा विषय कागदावरून गेला. आरतीच्या वेळी बापलेक हॉलबाहेर, चपलांच्या ढिगाऱ्यापाशी उभे होते. पोराचे हात झांजांच्या वरताण चालले होते.

या शाखेचा इतिहास शिकताना हाच प्रश्न पावलोपावली भेटतो, फक्त वर्गात तो कुणी मोठ्याने विचारत नाही. डिकीची केस सगळ्यांना शिकवतात. वॉशिंग्टन राज्यातल्या एका रुग्णालयातला साडेतीन वर्षांचा मुलगा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यांतली भिंगं काढलेली, चष्मा लावला नाही तर दृष्टी जाणार, आणि पोरगं चष्म्याला हात लावू देईना. माँट्रोज वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीझ यांचा हा शोधनिबंध १९६४ चा. आधी खोलीत नुसत्या रिकाम्या फ्रेम ठेवल्या. उचलली तरी खाऊ, जवळ नेली तरी खाऊ. खाऊने फारसं साधेना, तेव्हा न्याहारीचा घास पुढे आला. होता होता डिकी दिवसातले सुमारे १२ तास चष्मा घालायला लागला. मी हा निबंध वाचला तेव्हा मला तो फार आवडला. भुकेचा वापर खुपला, तरीही. कारण इथे काय पणाला लागलंय याबद्दल दुमत होण्यासारखं काही नाही. मुलाची नजर.

आणि मग त्याच दशकातला ओले इव्हार लोव्हास. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये त्याने मुलांना बोलायला शिकवलं, आणि त्यासाठी थपडा मारल्या, विजेचे झटकेही दिले. लपवाछपवी नव्हती, ‘लाइफ’ मासिकाने १९६५ मध्ये ते छायाचित्रांसकट छापलं. १९७४ च्या एका मुलाखतीत त्याने सांगितलं की ऑटिस्टिक मुलाला नाक असतं, तोंड असतं, केस असतात, पण मानसशास्त्रीय अर्थाने तो अजून माणूस नसतो. माणूस आपल्याला घडवायचा असतो. १९८७ मध्ये त्याचा गाजलेला निबंध आला. आठवड्याला ४० तास वर्तन विश्लेषणाची थेरपी मिळालेल्या १९ मुलांपैकी नऊ जणं पहिलीच्या वर्गात इतर मुलांसारखी बसली आणि बुद्ध्यंकही सर्वसाधारण आला. या एका निबंधाने अमेरिकेतल्या हजारो आईबापांना आशा दिली, यात शंका नाही. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नव्हती, सगळी चार वर्षांच्या आतली होती, आणि शिक्षा म्हणून जोरात ‘नाही!’ ओरडणं, मांडीवर चापट मारणं त्यातही होतं, हे मात्र आशेबरोबर फारसं पसरलं नाही.

बोस्टनच्या दक्षिणेला कँटन नावाचं गाव आहे. तिथल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये अपंग विद्यार्थ्यांच्या अंगावर यंत्र बांधून कर्मचाऱ्याच्या हातातल्या बटणाने झटके दिले जात. संस्थापक मॅथ्यू इझ्रायल हार्वर्डला स्किनरकडे शिकलेला. खुद्द स्किनर आयुष्यभर शिक्षेच्या विरोधात लिहीत राहिला, हा दैवदुर्विलास. संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक विशेष प्रतिवेदकाने २०१३ मध्ये या झटक्यांना छळ म्हटलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्या यंत्रावर बंदी घातली, २०२१ मध्ये न्यायालयाने ती उठवली, २०२२ च्या अखेरीस संसदेने कायदा बदलून प्रशासनाला तसा अधिकार दिला, २०२४ मध्ये बंदीचा प्रस्ताव पुन्हा आला. आणि वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या झटक्यांच्या विरोधात अधिकृत भूमिका कधी घेतली? २०२२ च्या नोव्हेंबरात. माझ्या वर्गात हे सगळं एका तासाच्या अर्ध्या भागात, नीतिशास्त्राच्या पेपरात ‘ऐतिहासिक संदर्भ’ म्हणून उरकलं गेलं. त्या इतिहासाकडे जायला वर्गाच्या दारातून गाडी काढली की पुरे होतं.

ज्यांच्याबद्दल हा सगळा अभ्यास, त्यांनी लिहिलेलं आमच्या वाचनयादीत काहीच नव्हतं. ते मला बाहेर वाचावं लागलं. मिशेल डॉसन ही कॅनडातली ऑटिस्टिक संशोधक. पूर्वी टपालखात्यात नोकरी करायची. २००४ मध्ये ही थेरपी सरकारी खर्चाने द्यावी की नाही हा खटला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा तिने स्वतःहून हस्तक्षेप केला. तिचा मुद्दा सोपा होता आणि म्हणून अडचणीचा. दुसऱ्या कुणावर प्रयोग करताना जे नैतिक नियम पाळता, ते आमच्या बाबतीत का गळून पडतात? डेमियन मिल्टन हा ब्रिटनमधला ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ. २०१२ मध्ये त्याने मांडलं की एकमेकांना न समजणं हे दोन्हीकडून असतं. ऑटिस्टिक माणसाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही ते कळत नाहीत, आणि दुरुस्ती मात्र एकाचीच चालते. हे वाचल्यावर मला आजी आठवल्या. त्यांनी नातवाची दुरुस्ती करायला काही घेतलंच नव्हतं. त्या नुसत्या तिथे असायच्या आणि त्याचं बघायच्या.

खरं तर हे दार आतूनही उघडलं गेलं होतं. डिकीला चष्मा घालणाऱ्या वुल्फनेच १९७८ मध्ये लिहिलं की नुसता आलेख वर गेला म्हणून भागत नाही. उद्दिष्ट लोकांना हवंसं आहे का, पद्धत त्यांना मान्य आहे का, आणि जे झालं त्यावर ते समाधानी आहेत का, हे त्यांनाच विचारावं लागेल; आणि हे असं ‘व्यक्तिनिष्ठ’ मोजमाप करायला लाजू नये. निबंध आम्हाला नेमलेला होता. त्यावर परीक्षेत प्रश्नही येतो. पण ‘लोक’ म्हणजे कोण, तर पालक, शिक्षक, समाज, असं उत्तर लिहिलं की गुण मिळतात. मूल त्या यादीत आलं नाही तरी चालतं. माझं या शाखेशी भांडण असेल तर एवढंच आहे.

पैशाची बाजू थोडक्यात सांगते. अमेरिकेत आता सगळ्या ५० राज्यांत विमा कंपन्यांना ऑटिझमचे उपचार द्यावे लागतात, म्हणून क्लिनिकांचं पेव फुटलं. मोठाले गुंतवणूकदार उतरले. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने २०१८ मध्ये अशी एक मोठी साखळी घेतली आणि २०२३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. तास विकले जातात, म्हणून तास लिहून दिले जातात. मी त्या गणपतीच्या मुलाच्या अहवालातून हात फडफडवणं वगळलं, तेव्हा विमा कंपनीच्या तपासनीसाने फोन करून विचारलं, ही समस्या सुटली का? सुटली नाही, ती समस्या नव्हती, हे त्याच्या फॉर्ममध्ये भरायला रकाना नव्हता.

तो ४० चा आकडा मात्र सातासमुद्रापार पोचला. नाशिकहून, नागपूरहून ओळखीपाळखीतल्या आयांचे निरोप येतात, ‘‘ताई, आठवड्याला ४० तास केलं नाही तर वेळ निघून जाईल म्हणतात, खरं आहे का?’’ जोडीला कर्ज काढलेलं असतं, नोकरी सोडलेली असते. मी त्यांना विचारते, त्याला जेवायला, झोपायला, लोळायला, मातीत खेळायला किती तास उरतात? आणि थेरपिस्ट तुम्हाला खोलीत बसू देतात का? दार लावून घेत असतील तर दुसरीकडे जा. त्याला ‘नको’ म्हणता येतं का, बोलून, खुणेने, कसंही, आणि म्हटल्यावर ते ऐकलं जातं का, हेही बघा. तासांचं नंतर बोलू.

आता भाचीचं. मावसबहिणीची मुलगी, कोल्हापूरची, मानसशास्त्राची पदवीधर. तिला हेच मास्टर्स करायला यायचंय. तिला मी खर्चाच्या आधी एक गोष्ट सांगितली. बीसीबीए हे वर्तन विश्लेषकाचं प्रमाणपत्र अमेरिकन मंडळाचं. त्यासाठी मास्टर्स, देखरेखीखालचं २,००० तासांचं काम आणि १८५ प्रश्नांची चार तासांची परीक्षा; पहिल्या फटक्यात पास होणारे अलीकडे निम्म्याच्या थोडे वर. आणि २०२३ पासून हे मंडळ अमेरिका, कॅनडा अशा मोजक्या देशांबाहेरून नवे अर्ज घेत नाही. म्हणजे इथे शिकून परीक्षेआधीच कोल्हापूरला परतली तर ती पदवी घेऊन येईल, प्रमाणपत्र नाही. आपल्याकडे अपंगांसाठी काम करणाऱ्या तज्ज्ञांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत विशेष शिक्षक आहेत, वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहेत. वर्तन विश्लेषक असा वर्ग नाही. परत यायचं असेल तर विशेष शिक्षणाचं बी.एड. आधी करावं आणि हे शास्त्र त्याच्या जोडीला शिकावं, असं माझं मत. तिला ते पटलेलं नाही. तिच्या वयात मलाही पटलं नसतं.

तरी निदान विद्यापीठांना विचारायचे प्रश्न तिने माझ्याकडून लिहून घेतले. देखरेख करणाऱ्याकडे एका वेळी किती विद्यार्थी असतात, २,००० तासांचे पैसे मिळतात का, आणि शिकवणाऱ्यांत किंवा वाचनयादीत कुणी ऑटिस्टिक माणूस आहे का. दोन ठिकाणांहून उत्तर आलं. एकाने रंगीत माहितीपत्रक धाडलं. दुसऱ्याने लिहिलं की आमच्याकडे अशा एक प्राध्यापिका आहेत, त्यांच्याशी थेट बोला. भाची सध्या त्यांना लांबलचक ईमेल लिहिते आणि मला म्हणते, मावशी, तू मध्ये पडू नकोस.